बागेतला जुना छोटा ट्रॅक्टर: विकत घेण्यापासून पावसाळ्यात जपण्यापर्यंत

सांगली-सातारा भागात जुना ट्रॅक्टर शोधायला फार लांब जावे लागत नाही. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षबागेच्या कडेला, कराड-शिराळ्याकडे गुऱ्हाळामागे, नाहीतर विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादा आयशर, स्वराज किंवा एचएमटी टायर बसून उभा असतो. घरात नवा आलेला असतो, जुन्याचा भंगाराचा भावही विचारून झालेला असतो. असा वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचा गडी पुन्हा चालता करणे हा खर्चिक पण गोड नाद आहे. त्यात बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी रंग, मग टायर, मग लाइट, आणि इंजिनाकडे पाहायची वेळ येते तेव्हा खिसा रिकामा. माझे मत स्पष्ट आहे: हा ट्रॅक्टर आयुष्यभर कोणत्या रानात राबला ते आधी शोधा, दुरुस्तीचा क्रम त्यावरून ठरवा आणि रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा.

कोणता घ्यावा

पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने सुटे भाग मिळतील असेच यंत्र घ्यावे. आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. पुढे आलेला एक सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा २४१ आपल्याकडे भरपूर खपला. त्याला रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होजपाइप नाही. शिकायला यापेक्षा सोपे इंजिन मिळणे अवघड. स्वराजचे जुने लहान मॉडेलही चांगले. एचएमटी २५११ देखणा आणि दणकट आहे, पण पिंजोरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, त्यामुळे काही भागांसाठी भंगारबाजार पालथा घालायची तयारी ठेवावी. पॉवर टिलरवरही हात बसवता येतो. जागा कमी असेल तर तोच बरा.

अगदी दुर्मिळ परदेशी मॉडेलच्या मागे सुरुवातीला लागू नका. एका वॉशरसाठी सहा महिने काम अडले की नाद सुटतो.

बागेचा की उसाचा?

मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा. उत्तर मिळाले नाही तर ट्रॅक्टरच बोलतो.

द्राक्षबागेत राबलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन बहुधा ठीक असते. फवारणीचा ब्लोअर ओढणे, हलकी फणपाळी, रोटर, एवढेच त्याचे काम. पण पत्रा गेलेला असतो. कारण बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) आणि इतर फवारे. मोरचुदाचे पाणी लोखंडाला लागले की त्यातले तांबे लोखंडावर बसते आणि लोखंड विरघळत जाते. त्यात रंग पोपडून ओल आत राहिली की मडगार्डला आतून जाळी पडते. बॅटरीखालचा पत्रा, मडगार्डचे सांधे, सीटखालची पट्टी आणि वायरींची टोके या ट्रॅक्टरवर स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. हिरवट-निळी साय दिसली तर तिथली वायर आतपर्यंत काळी पडलेली असणार.

उसाच्या ट्रॅक्टरचे उलटे. पत्रा धड, पण क्लच, गिअर, मागचा एक्सल आणि पुढचे किंगपिन झिजलेले. ट्रॉल्या ओढून ओढून हुकाच्या पट्ट्या वाकलेल्या असतात, क्वचित हाउसिंगला केसासारखी चीर असते. तेलाचा डाग जिथे पुसूनही पुन्हा येतो तिथे भिंग लावून बघा. कास्टिंगची चीर हा एकच दोष असा आहे की त्यासाठी मी सौदा मोडेन. बाकी सगळ्याला उपाय आहे.

तिसरा प्रकार विहिरीवर पट्टा लावून पाणी उपसलेल्या ट्रॅक्टरचा. त्याचा गिअरबॉक्स नव्यासारखा आणि इंजिन पार थकलेले असते. मीटरवरच्या तासांवर विश्वास ठेवायचा नाही. ब्रेक पॅडलचे रबर, स्टिअरिंगची पकड आणि पीटीओच्या (मागचे अवजार फिरवणाऱ्या) शाफ्टची झीज जास्त खरे सांगतात.

कागद

आरसी बुकावरचा चेसिस आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवर घासून, वाचून जुळवा. शेतीचा ट्रॅक्टर बिगर-परिवहन वाहनांत मोडतो. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आरसीवर बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५. या बोज्याकडे नीट पाहा. पूर्वी पुष्कळ ट्रॅक्टर भूविकास बँकेच्या कर्जावर आले आणि त्या बँका पुढे अवसायनात गेल्या. कर्ज फिटले असले तरी कागदावरचा बोजा तसाच राहिलेला असतो. मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या सौद्याआधीच घ्या, नंतर भाऊबंद जमवणे म्हणजे दुसरे इंजिन उघडण्यासारखेच.

पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी आहे, पण तो नियम वैयक्तिक वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी लिहिलेला आहे आणि त्यात रस्त्यावर फिरण्यावरही मर्यादा आहे. ट्रॅक्टरसाठी नेहमीचे नूतनीकरण हाच सरळ मार्ग. तुमच्या पासिंगप्रमाणे सांगली, सातारा किंवा कराडच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारून घ्या.

खोलण्याआधी

जागा सपाट आणि पक्की हवी. जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कधीही जाऊ नका. खाली लाकडी ओंडके किंवा लोखंडी घोडी लावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. ट्रॅक्टर दोन भागांत तोडताना इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींना वेगवेगळा आधार लागतो, शिवाय पुढचा एक्सल डुलू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना पाचर ठोकावी लागते.

मग फोटो काढा. वायर कुठून कुठे जाते, कोणता बोल्ट लांब, लिंकेजची स्प्रिंग कोणत्या भोकात अडकवली आहे, सगळे. नटबोल्ट एकाच डब्यात टाकायचे नाहीत. जाड पुठ्ठ्यावर भागाचे चित्र काढून त्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवले की सहा महिन्यांनीही गोंधळ होत नाही. गंजलेल्या नटावर आदल्या रात्रीच गंज सुटणारे तेल मारून ठेवा, पाइप लावून पान्ह्याला जोर देणे हा शेवटचा उपाय. नट तापवून सोडवायचा असेल तर डिझेलची टाकी आधी उतरवून लांब ठेवा.

जाम झालेले इंजिन

‘इंजिन बसलंय’ म्हणून निम्म्या भावात मिळणारा ट्रॅक्टर बऱ्याचदा फक्त गंजाने अडकलेला असतो. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढा, त्या भोकातून डिझेल आणि पातळ तेल समप्रमाणात ओता आणि विसरून जा. आठवडाभर, गरज पडली तर महिनाभर. मधूनमधून फ्लायव्हील दोन्ही दिशांना हलक्या हाताने हलवून पाहा. केसभर हलले तरी काम झाले म्हणायचे. पिस्टनवर घण घालणारे फिटर आहेत, त्यांना चहा पाजून परत पाठवा. अडकलेले इंजिन ट्रॉलीमागे बांधून ओढणे तर त्याहून वाईट. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचे काम लाखाकडे जाते.

सुटल्यानंतर ते तेल काढून टाका. ऑइल पॅन उतरवून तळातला गाळ बोटाने चोळून बघा. चकाकणारे कण असतील तर बेअरिंग गेली, काळा चिखल असेल तर फक्त दुर्लक्ष.

इंजिन बांधणे

हे काम घरी करायचे आणि लेथचे काम बाहेर द्यायचे, अशी वाटणी मला पटते. आपल्या भागाचे नशीब चांगले आहे. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, तेव्हापासून लोखंडकामाची सवय या मातीला आहे. कुपवाड, मिरज, पलूस, कराड इथे बोअरिंग, होनिंग (सिलिंडर आतून घासून नीट करणे) आणि क्रँक ग्राइंडिंग करणारे हात मिळतात. जाताना पिस्टन सोबत न्या; बोअर पिस्टनच्या मापाने व्हायला हवा.

सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजून घ्या. झीज मर्यादेत असेल तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात. नाहीतर ओव्हरसाइज पिस्टन किंवा नवा लायनर. नवी रिंग सिलिंडरमध्ये एकटी सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. १०० मिलिमीटरच्या आसपासच्या बोअरला साधारण ०.३० ते ०.४५ मिलिमीटर फट लागते. कमी असेल तर इंजिन तापल्यावर टोके भिडतात आणि रिंग तुटते. हे माप न घेता रिंगा चढवणारे पाहिले की माझा जीव वरखाली होतो.

व्हॉल्व्ह हाताने पेस्ट लावून घासा. सीटवर अखंड करड्या रंगाची पट्टी उमटली की पुरे. नंतर पेस्टचा कणही आत राहता कामा नये. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्ह्याने आवळायचे. पान्हा नसेल तर भाड्याने आणा. ‘हाताचा अंदाज’ इथे चालत नाही.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडरच्या पात्या तारेच्या ब्रशने मुळापर्यंत साफ करा. तेल आणि माती मिळून तिथे विटेसारखा थर बसतो आणि मग मालक म्हणतो, हे मॉडेलच तापते. पंख्याचा पट्टा आणि हवा वळवणारे पत्रे जागेवर हवेत. दिसायला नकोत म्हणून ते पत्रे काढून ठेवणारे लोक आहेत. पाण्याच्या इंजिनात रेडिएटरमध्ये बोअरवेलचे जड पाणी ओतू नका, जतपासून आटपाडीपर्यंतच्या पाण्याने आतून खडी धरते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा.

डिझेलची बाजू

टाकी काढून आत मूठभर लहान नट आणि थोडे डिझेल टाकून हलवा, गंज सुटतो. नट मोजून टाका, मोजून काढा. फिल्टर नवे, रबरी पाइप नवे. मायको पंप, म्हणजे नोझलला दाबाने डिझेल देणारा पंप, मात्र घरी उघडू नये. तो पंपवाल्याकडेच न्यायचा, सोबत नोझलही. नोझल बाहेर काढून फवारा बघताना हात समोर धरू नका. शंभर किलोहून जास्त दाबाने येणारे डिझेल कातडीत घुसते, बाहेर छोटासा ठिपका दिसतो आणि आत बोट सडते. असे झाले तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना.

एअर क्लिनर जुन्या पद्धतीचा, तेलाच्या वाटीचा असेल तर तो तसाच ठेवा. वाटी केरोसीनने धुऊन खुणेपर्यंत नवे इंजिन ऑइल भरा. खुणेच्या वर भरले तर इंजिन ते तेल ओढून घेते.

गिअर, क्लच, ब्रेक

इथे फार सांगण्यासारखे नाही. जुने तेल गरम असताना काढा, दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, सगळे ऑइल सील बदला. क्लच प्लेट नवी घालताना रिलीज बेअरिंगही नवे घाला, कारण त्यासाठी पुन्हा ट्रॅक्टर तोडावा लागतो. दोन्ही ब्रेक सारखे लागतात का ते पॅडल जोडून पाहा. हायड्रॉलिकचे हात उचलून धरत नसतील तर बहुतेक वेळा ओ-रिंग जुन्या झालेल्या असतात.

पहिली स्टार्ट, तीही रंगाआधी

ट्रॅक्टर बांधला, ऑइल भरले, डिझेलची एअर काढली. आता स्टॉप (डिझेल बंद करणारी दांडी) ओढून ठेवून इंजिन फिरवा, ऑइलचा दाब दिसेपर्यंत. मगच स्टॉप सोडा. हँडलने सुरू होणारे असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरा. उलटा झटका बसला तर अंगठा वाचतो. जवळ एक जाड लाकडी फळी ठेवा. नव्याने बांधलेले डिझेल इंजिन कधी कधी स्वतःचेच ऑइल ओढून सुसाट सुटते, तेव्हा स्टॉप कामाचा नसतो. हवेच्या तोंडावर फळी दाबली की ते थांबते. हाताने किंवा फडक्याने तोंड बंद करायला जाऊ नका.

नवे बांधलेले इंजिन तासन्‌तास मंद चालवणे ही जुनी समजूत आहे. त्याने रिंगा बसत नाहीत, सिलिंडर चकचकीत होतो आणि इंजिन ऑइल प्यायला लागते. हलकी फणपाळी लावून, वेग बदलत काम द्या. साधारण पन्नास तासांनी ऑइल बदला, व्हॉल्व्हची फट पुन्हा तपासा. कुठे गळते, कुठे वाजते ते याच काळात कळते, म्हणून रंग नंतर.

गंज काढायला काकवी

सँडब्लास्टिंग पटकन होते, पण पातळ पत्रा वाकतो आणि वाळूची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. आपल्याकडे त्याहून स्वस्त उपाय गुऱ्हाळावर मिळतो. करपलेली, विकायला न चालणारी काकवी आणा. एक भाग काकवीला नऊ भाग पाणी घालून प्लॅस्टिकच्या पिंपात पत्र्याचे भाग बुडवून ठेवा. आठवड्यापासून तीन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. गंज सुटतो, चांगले लोखंड शाबूत राहते. वास मात्र असा येतो की पिंप घरापासून लांब हवे आणि झाकण घट्ट हवे, नाहीतर मुंग्या-मधमाश्यांची जत्रा भरते. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग त्यात टाकायचे नाहीत, ते खाल्ले जातात. बाहेर काढलेला भाग धुऊन, उन्हात वाळवून त्याच दिवशी प्रायमर मारा. रात्रभर ठेवला तर पुन्हा तांबूस होतो.

घाई असेल तर धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. पाण्यात सोडा विरघळवून भाग निगेटिव्हला जोडा, पॉझिटिव्हला भंगारातली साधी लोखंडी पट्टी. स्टेनलेसची पट्टी वापरू नका, तिच्यातून विषारी क्रोमियम सुटते. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर आणि बिडी लांब.

रंग

मूळ रंग शोधायचा तर बॉनेटच्या आतली बाजू, टूलबॉक्सचा तळ किंवा प्लेटखालची जागा बघा. ऊन न लागलेला तुकडा दुकानात नेला की मशिनवर जुळवून देतात. इपॉक्सी प्रायमर, लागेल तिथेच पुट्टी आणि वर पीयू (पॉलियुरेथेन रंग) किंवा चांगला इनॅमल. पीयूचा हार्डनर श्वासात जाणे धोक्याचे आहे. रुमाल बांधून भागत नाही, गाळणीचे काडतूस असलेला मास्क लागतो. पावसाळ्यात फवारणी टाळा, दमट हवेत रंग पांढुरका पडतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. आणि प्रत्येक बोल्टवर क्रोम नको. कारखान्यातून तो कधी तसा बाहेर पडलेला नव्हता.

आपल्या मनासारखे बदल

माझी एकच अट: मूळ लोखंडाला भोक न पाडता जे बदल होतात ते खुशाल करा आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून जपा. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, फ्यूजसह नवी वायरिंग, जुन्या काचेच्या दिव्यातच बसणारा एलईडी, चांगली गादी, हे सगळे उपयोगाचे. अल्टरनेटर लावण्याआधी बॅटरीचे कोणते टोक बॉडीला आहे ते तपासा. जुन्या ब्रिटिश यंत्रांत पॉझिटिव्ह बॉडीला असते आणि उलटी जोडणी झाली तर अल्टरनेटर क्षणात जळतो. मागच्या टायरचे १२.४-२८ हे या वर्गातले नेहमीचे माप अजून मिळते, रुंद टायर घालून बागेत वळणे अवघड करू नका. पीटीओला गार्ड नसेल तर तो बदल सगळ्यात आधी करा. मिनिटाला ५४० फेऱ्या घेणारा शाफ्ट धोतर-ओढणी सोडत नाही.

इंजिन बदलणे, चेसिस लांबवणे यांसारख्या बदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, परवानगीशिवाय करू नयेत. डेकच्या भिंती लादणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही, त्यांना इंजिनाचा आवाज ऐकूच येत नाही.

ठेवायचा कुठे आणि कसा

एका जिल्ह्यात दोन हवामाने असल्यामुळे सल्लाही दोन तऱ्हेचा. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या बाजूला चार महिने हवा ओली असते. तिथे प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू नका. आत घाम धरतो आणि उघड्यापेक्षा जास्त गंजतो. हवा खेळणारी शेड, फरशी किंवा फळ्यांवर उभा ट्रॅक्टर आणि वरून सुती चादर. माण-खटाव, आटपाडी, जतकडे ऊन आणि धूळ हे वैरी. टायरला चिरा जातात, सीट तडकते. तिथे टायर झाका आणि चाकांवरचा भार काढून एक्सलखाली ओंडके द्या.

जागा कोणतीही असो, शेजारी काय आहे ते बघा. खताची पोती असलेल्या खोलीत ट्रॅक्टर नको. बेदाण्याच्या शेडमध्ये तर मुळीच नको: गंधकाची धुरी दमट हवेत आम्ल बनते आणि कोऱ्या रंगाखालून पत्रा खाते. कडब्याच्या गंजीजवळ ठेवला की उंदीर वायरिंगमध्ये संसार थाटतात.

उभा करण्याआधी ऑइल बदला, कारण वापरलेल्या ऑइलमधले आम्ल बेअरिंगवर बसून राहते. डिझेलची टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत ओल धरायला जागा उरत नाही. बॅटरी सोडवून घरात आणा, १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करा. सायलेन्सरवर डबा पालथा घाला. क्लचचे पॅडल दाबून लाकडाच्या तुकड्याने अडकवून ठेवा, नाहीतर प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. पंधरा दिवसांनी पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याची सवय सोडा. इंजिन पुरते तापत नाही आणि आत पाणी साचते. सुरू करायचा तर अर्धा तास चालवा, नाहीतर हातही लावू नका.

कृष्णा-वारणाकाठच्यांनी आणखी एक बघावे. सांगलीच्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले. घराजवळ तेव्हा पाणी कुठवर आले होते ती खूण माहीत असेलच. पावसाळ्यात ट्रॅक्टर त्या खुणेच्या वर, पाहुण्यांच्या वाड्यात का होईना, नेऊन ठेवा. बुडालाच तर पाणी ओसरल्यावर हौसेने किल्ली फिरवू नका. आधी बॅटरी सोडा, नोझल काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा. इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि स्टिअरिंग, चारही ठिकाणचे तेल बदला. इंजिन थोडे चालवून तेल पुन्हा एकदा बदला. डायनामो आणि स्टार्टर उघडून गाळ धुऊन वाळवा. हे पहिल्या दोन-चार दिवसांत झाले तर इंजिन वाचते.

पावसाळा संपल्यावर बाहेर काढायला खंडेनवमी सोयीची. अवजारांची पूजा असतेच. पण हळदकुंकवाआधी क्लचखालचे लाकूड काढा, सायलेन्सरवरचा डबा उतरवा, टायरची हवा बघा, ऑइलची पट्टी बघा, स्टॉप ओढून इंजिनाला दोन-चार वेढे द्या आणि अंगणातल्या अंगणात दोन्ही ब्रेक लागतात याची खात्री करा. मगच मुलांना मडगार्डवर बसू द्या, तेही ट्रॅक्टर बंद असतानाच.